दुसरी-तिसरीच्या गणितावर पीएचडी? त्यात शोधायचं काय असतं?

अपूर्णांक | सोमवार, रात्री १०.१२

मी मुंबईत विज्ञान-गणित शिक्षणात पीएचडी करते. तिसरं वर्ष चालू आहे. विषय असा की तिसरी ते पाचवीच्या वर्गात भागाकार आणि अपूर्णांक शिकवताना मुलांनी चुकीचं उत्तर दिलं, तर शिक्षक त्या उत्तराचं पुढे काय करतात. एवढं सांगितलं की लोक आधी हसतात, मग "अगं, भागाकार तर केव्हाच शोधून झालाय ना?" असं विचारतात. दर लग्नकार्यात हेच ऐकून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहिते.

आमच्या क्षेत्रात येणारे लोक तऱ्हेतऱ्हेचे. कुणी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेला, कुणी इंजिनिअरिंग सोडून आलेली, कुणी आधी दहा-बारा वर्षं शाळेत शिकवलेलं. भारतात यासाठी मोजक्याच जागा आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्यातलं जुनं, १९७४ चं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग. काही जण टिसमधून (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून) करतात, बरेच जण विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांतून.

काम काय असतं? वर्गात मागच्या बाकावर बसायचं, परवानगी असेल तर रेकॉर्डिंग करायचं, मग बोललेला शब्द न् शब्द उतरवून काढायचा. "अं... सर, पण..." एवढंच म्हणून थांबलेलं पोरसुद्धा कागदावर यायला हवं. एका तासिकेचं लेखन करायला कित्येक दिवस जातात. मग त्यातली चार मिनिटं घेऊन मार्गदर्शकांशी महिनाभर वाद. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटतो, मला त्यातच मजा येते.

नमुन्यादाखल एक प्रश्न. पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर नकोय. या गणिताला बसेल असं शाब्दिक उदाहरण तयार करा. प्रामाणिकपणे, गूगल न करता.

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०.३१

हात्तिच्या. पावणेदोन भाकऱ्या आहेत, दोन भावांत सारख्या वाटल्या, प्रत्येकाला किती?

निवांत_नाशिककर | सोमवार, रात्री १०.३८

@पाटीपेन्सिल, हे दोनने भागणं झालं हो. अर्ध्याने कुठे?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०.३९

अरेच्चा.

तिखटमीठ | सोमवार, रात्री १०.५०

पावणेदोन किलो साखर होती, निम्मी वापरली, किती वापरली?

हे पण चुकलं वाटतं. उत्तर पाऊण किलोच्या वर येतंय आणि कॅल्क्युलेटर साडेतीन म्हणतोय.

हातचा_एक | सोमवार, रात्री ११.०५

उत्तर औट, म्हणजे साडेतीन. दोन सेकंद लागले. आम्हाला चौथीपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं. मास्तर पहाटे उठवून विचारायचे. तेव्हा कुणी त्यावर पीएचडी करत नव्हतं आणि आमची गणितं येत होती. गोष्टी मराठीच्या तासाला सांगाव्यात.

शेवंता | सोमवार, रात्री ११.२०

पावणेदोन लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्यात. किती भरतील? साडेतीन. बरोबर का?

अपूर्णांक | मंगळवार, सकाळी ८.०२

शेवंताताईंना पैकीच्या पैकी!

मंडळी, हा प्रश्न माझा नाही. लिपिंग मा नावाच्या संशोधक आहेत. स्वतः चीनमध्ये प्राथमिक शिक्षिका होत्या, नंतर अमेरिकेत त्यांनी पीएचडी केली आणि १९९९ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना हाच प्रश्न विचारलेला होता. आकडेमोड अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी शिक्षकांना पूर्ण जमली. अर्थ पकडणारं उदाहरण २३ पैकी फक्त एका शिक्षकाला बनवता आलं. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी पाटीपेन्सिल आणि तिखटमीठ यांनी केलं तेच केलं, दोघांत वाटलं नाहीतर निम्मं केलं. चीनमधल्या ७२ च्या ७२ शिक्षकांचं उत्तर बरोबर आलं आणि ६५ जणांनी किमान एक तरी योग्य उदाहरण दिलं.

आता खरी गंमत. अमेरिकेतले ते सगळे पदवीधर होते. चीनमधले शिक्षक नववीनंतर दोन-तीन वर्षांचा अध्यापन अभ्यासक्रम करून लागलेले. म्हणजे पदव्या वाढल्या की दुसरी-तिसरीचं गणित आपोआप खोल समजतं, असं काही नाही. लिपिंग मा यांची पीएचडी "शोधून झालेल्या" भागाकारावरच होती आणि अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल बोलताना ती आजही टाळता येत नाही.

आणि शेवंताताईंच्या दुधात एक खड्डा आहे. तीन पिशव्या भरल्या, उरलं पाव लिटर. उत्तर मात्र "साडेतीन". मग मूल म्हणतं, "बाई, उरलंय पाव, तुम्ही अर्धं कसं लिहिलं?" बरोबरच आहे त्याचं! ते पाव लिटर आहे आणि अर्धी पिशवी आहे. मोजायचं माप मध्येच बदललं. बाईंच्या हे लक्षात आलं तर तो तास सोन्याचा होतो. नाही आलं तर "असंच असतं, लिहून घ्या". माझं सगळं संशोधन या दोन वाक्यांच्या मधल्या जागेवर चालतं.

@हातचा_एक काका, औटकीचा मला हेवा वाटतो, खरंच. चीनमधल्या त्या शिक्षकांचीही आकडेमोड बिनचूक होतीच. पाठांतर आणि समज यांचं भांडण मी लावत नाहीये. पण "अर्ध्याने भागलं तर उत्तर वाढतं का?" हे पोराने विचारलं, तर औटकी त्याला काय सांगेल?

हातचा_एक | मंगळवार, सकाळी ९.१५

सांगेल की गप बस आणि म्हण. :)

बरं, एक दुसरी गोष्ट येते का बघा. दोरीचा अर्धा तुकडा पावणेदोन मीटर भरतो, तर आख्खी दोरी किती?

अपूर्णांक | मंगळवार, सकाळी ९.४०

काका, दंडवत! चीनमधल्या शिक्षकांनी दिलेली बहुतेक उदाहरणं नेमकी याच जातीची होती. पिशव्यांचं उदाहरण म्हणजे "किती वेळा मावतं" आणि तुमचं म्हणजे "एका पूर्णाला किती". वर्गात आपण भागाकाराची सुरुवात वाटणीने करतो आणि वाटणी अर्ध्या माणसात करता येत नाही, म्हणून पाचवीत जाऊन मुलं अडकतात. तुमच्या दोरीने वाटणीचाच अर्थ ताणून अपूर्णांकापर्यंत नेला.

केंद्रशाळा | मंगळवार, रात्री ९.२७

मी नंदुरबार जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोघं मिळून. धागा आवडला, पण थोडं कडू बोलतो, राग मानू नका ताई.

आमच्याकडेही एक संशोधक येऊन गेले. कॅमेरा लावला, मुलांना प्रश्न विचारले, माझी मुलाखत घेतली, चहा घेतला, गेले. नंतर पत्ता नाही. माझ्या वर्गाबद्दल कुठेतरी इंग्रजीत काहीतरी छापलं गेलं असेल, मला काय माहीत. त्यात "शिक्षक पारंपरिक पद्धतीने शिकवतात" असं लिहिलं असणार याची मात्र खात्री आहे. ज्या दिवशी कॅमेरा होता त्या दिवशी माझा सहकारी प्रशिक्षणाला गेलेला, चारही वर्ग माझ्याकडे, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा होता आणि यू-डायसची (शाळेची सरकारी आकडेवारी) माहिती त्याच संध्याकाळी भरायची होती. हे प्रबंधात येतं का?

दुसरं म्हणजे मुलं घरी पावरी बोलतात. त्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा. त्यात एकोणपन्नास म्हटलं की पोरगं ५९ लिहितं, कारण कानावर "पन्नास" पडलं. त्रेसष्ट म्हटलं की ३६, कारण तीन आधी ऐकलं. याला गणित येत नाही म्हणायचं की काय म्हणायचं?

अपूर्णांक | मंगळवार, रात्री १०.५५

राग कसला सर. हे सगळं खरं आहे आणि प्रबंधात बहुतेक वेळा येत नाही. आमच्याकडे नीतिसमितीची मंजुरी लागते, पालकांची संमती लागते, शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं. परत जाऊन शिक्षकाला दाखवायची सक्ती मात्र कुठल्याच कागदावर नाही. ज्याला वाटतं तो जातो. मी उतरवलेला तास आधी त्या बाईंनाच वाचायला देते. त्यामुळे कामाचा वेग मंदावतो, मार्गदर्शक कुरकुरतात. एकदा तर बाईंनीच सांगितलं, "इथे मी गोंधळले नव्हते, मुख्याध्यापक दारात उभे होते." माझं अख्खं विश्लेषण त्या एका वाक्याने कोसळलं. :) 

एकोणपन्नासवर उद्या लिहिते, मोठा विषय आहे.

स्टुटगार्टची_सून | बुधवार, पहाटे ३.१०

(इथे अजून रात्रच आहे.)

@केंद्रशाळा, अगदी हेच आमच्या घरी! जर्मनमध्ये २७ म्हणजे "सीबेनउंडझ्वान्झिग", शब्दशः सात आणि वीस. आमची कन्या पहिलीत ७२ लिहून यायची आणि मी म्हणायचे, बाळा, मराठीत मोजलंस तरी यातून सुटका नाही, सत्तावीसमध्येही सात आधीच. बाईंनी सांगितलं की हे इथे सर्रास होतं. इथे "वीस-सात असं म्हणायची सोय करा" म्हणणारी एक संघटनाच आहे, २००४ पासून. लोक त्यांना हसतात.

निवांत_नाशिककर | बुधवार, सकाळी ७.४५

हसण्यावरून आठवलं, २०१९! बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस सात, सत्तावीस" आलं तेव्हा काय धुमाकूळ झाला होता. विधानसभेत कोट्या, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद, मराठी बुडाली म्हणून गळे काढणं. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्या बिचाऱ्या शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, सोबत दुसरी वाट दिली आहे. कुणी ऐकून घेतलं नाही. मीही तेव्हा दोन-तीन विनोद पुढे ढकललेच असतील.

अपूर्णांक | बुधवार, सकाळी ११.२०

हो. तो वाद भाषेच्या अंगाने झाला, मुलांच्या अंगाने फार कमी. चिनी, जपानी, कोरियन भाषांत अकरा म्हणजे "दहा-एक", सत्तावीस म्हणजे "दोन-दहा-सात". शब्द ऐकला की लिहायचं कसं ते कळतं. या भाषांतली लहान मुलं दशक-एकक लवकर पकडतात असं १९८० च्या दशकापासून बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्याचं श्रेय एकट्या शब्दांना द्यायचं का, यावर वाद आहे, कारण तिथली घरं, शाळा, सराव सगळंच वेगळं. जर्मन मुलांच्या संख्यालेखनातल्या चुकांमध्ये या उलटापालटीचा वाटा मोठा असतो, हेही मोजून झालंय. आपल्याकडे दक्षिणेतल्या भाषा आधी दशक बोलतात. म्हणजे सोलापूर-कर्नाटक सीमेवर एकाच गावात कन्नड आणि मराठी शाळा शेजारी शेजारी असतील, तर केवढा सुंदर अभ्यास होईल! कुणी तरी करा रे.

आणि नॉर्वेने तर हे राष्ट्रीय पातळीवर केलं. "एक-आणि-वीस" ऐवजी "वीस-एक" म्हणायचं असं संसदेने ठरवलं आणि १९५१ पासून शाळा, रेडिओ सगळीकडे लागू केलं. निमित्त टेलिफोनचं होतं, नंबर सांगताना घोळ व्हायचे. जुनी माणसं नंतरही कित्येक वर्षं जुनंच म्हणत राहिली. नॉर्वेजियन भाषा काही बुडाली नाही.

@केंद्रशाळा सर, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: ५९ लिहिणाऱ्या मुलाला ४९ वस्तू मोजून दशकाच्या गठ्ठ्यांत मांडता येत असतील, तर त्याला गणित येतंय. मराठी शब्दाचं लेखन येत नाहीये. दोन्ही शिकवावं लागेल, पण वेगवेगळं.

हातचा_एक | बुधवार, दुपारी १.०२

आमच्या नातवाला "एकोणऐंशी" कळत नाही, "सेव्हन्टी नाइन" म्हणावं लागतं. त्यापेक्षा "सत्तर नऊ" म्हणाला तर मी आनंदाने ऐकेन. हे मी म्हणतोय याची नोंद घ्यावी.

चंद्रकोर | बुधवार, रात्री ८.३३

सगळं गणितच चाललंय, थोडं विज्ञान. मीही पीएचडी करतो, प्राथमिक विज्ञानात, विषय पृथ्वी-चंद्र-सूर्य.

मुलाला विचारलं पृथ्वी कशी? "गोल." मग विचारलं, आपण कुठे राहतो? तर कुणी सांगतं गोळ्याच्या आत, सपाट जमिनीवर. कुणी सांगतं पृथ्वी दोन आहेत, एक आकाशातली गोल आणि एक आपली सपाट. व्होस्नियादू आणि ब्रूअर या संशोधकांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ६० मुलांच्या अशा कल्पना मांडल्या आणि नंतर हैदराबादच्या मुलांवरही तसाच अभ्यास झाला. तिथे पाण्यावर तरंगणारी पृथ्वीही निघाली, घरी ऐकलेल्या गोष्टींतली. मूल पुस्तकातलं "गोल" आणि डोळ्यांना दिसणारं "सपाट" यांची तडजोड करून स्वतःचं मॉडेल बनवतं, असा त्यांचा निष्कर्ष.

मग इंग्लंडमधल्या संशोधकांनी आक्षेप घेतला. म्हणाले, तुम्ही कोऱ्या कागदावर चित्र काढायला लावता आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारता, मूल गांगरून काहीही सांगतं. आम्ही चित्रं समोर ठेवून निवडायला लावली, तर बरीच मुलं नीट गोल पृथ्वी निवडतात आणि ती "मॉडेल्स" फारशी दिसत नाहीत. वाद अजून मिटलेला नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे पाच वर्षं जातात ती इथे. मुलाला काय ठाऊक आहे हे विचारणंच अवघड. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. माझं पहिलं सबंध वर्ष प्रश्न कसे विचारायचे यातच गेलं आणि घरचे विचारत होते की अजून सुरुवात का केली नाही.

माझ्या विषयात हातवाऱ्यांचाही अभ्यास होतो. होमी भाभा केंद्रातून महाराष्ट्रातल्या मुलांबरोबर प्राथमिक खगोलशास्त्रावर काम झालंय. स्वतःच्या शरीराने पृथ्वीसारखं फिरून, हाताने दिशा दाखवून मुलं काय समजून घेतात, यावर. आपण एरवी "हात खाली, नीट उभा राहा" म्हणतो.

तिखटमीठ | बुधवार, रात्री ९.१०

वाचनखूण साठवली. एक बावळट प्रश्न: शाळेतल्या गणितात शून्य मिळवणारं भाजीवाल्याचं पोर गाड्यावर पटापट हिशेब करतं. यावर काही आहे का?

अपूर्णांक | बुधवार, रात्री ९.४८

बावळट कसला, यावर अख्खी शाखा उभी आहे! ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ मध्ये रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांत ९८ टक्के उत्तरं बरोबर. त्याच जातीची गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. पाचच मुलं, पण त्या लेखाने जगभर लोकांना विचार करायला लावलं. आपल्याकडे होमी भाभा केंद्रातून मुंबईतल्या एका मोठ्या वस्तीत, जिथे घरोघरी छोटे उद्योग चालतात, तिथल्या मुलांच्या मापांच्या आणि हिशेबांच्या ज्ञानावर पीएचडी झाली आहे. २०२५ मध्ये अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, डुफ्लो वगैरेंचा मोठा अभ्यास "नेचर" या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा. त्यात उलट बाजूही दिसली: शाळेत कागदावर बरी असणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळतात. पूल दोन्हीकडून तुटलेला आहे.

जुना_जळगावकर | गुरुवार, सकाळी ६.३०

होमी भाभा केंद्राचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्यांचं अगदी सुरुवातीचं काम आमच्या रावेर तालुक्यातलं, खिरोद्याचं. सत्तरच्या दशकात मुंबईचे शास्त्रज्ञ खानदेशातल्या प्राथमिक शाळांत विज्ञान कसं शिकवलं जातं ते बघायला आले होते. व्ही. जी. कुलकर्णी तेव्हा केंद्राचे प्रमुख. भाषा हाच विज्ञानाच्या वाटेतला अडसर आहे, पुस्तकी मराठी मुलांना परकी वाटते, हे त्यांनी तेव्हापासून लावून धरलं आणि पुढे त्यावर अभ्यासही केला. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशात होशंगाबादला १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो शाळांत गेला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने गेली. तेव्हा ताई, संशोधन करा, पण ते टिकवायचं कुणी, हा प्रश्न पीएचडीत सुटत नाही.

पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी १०.१२

पोटापाण्याचं काय? पैसे मिळतात का यात?

चंद्रकोर | गुरुवार, सकाळी १०.४०

जेआरएफ (सरकारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००. वर घरभाडं. मुंबईत जेमतेम. शिष्यवृत्तीशिवाय करणाऱ्यांचे हाल असतात, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. नंतर नोकऱ्या: अध्यापक महाविद्यालयं, शैक्षणिक संस्था, पाठ्यपुस्तक मंडळांचं थोडंफार काम. दर काही वर्षांनी होणारी, विज्ञान-गणित शिक्षणातल्या संशोधनाची एपिस्टेम परिषद आहे, पहिली २००४ मध्ये गोव्यात झाली, तिथे सगळे भेटतात आणि नोकरीबद्दलच बोलतात.

केंद्रशाळा | शुक्रवार, रात्री ८.०५

ताई, काल एक उद्योग केला. कुठल्याशा प्रशिक्षणात ८ + ४ = ☐ + ५ हे उदाहरण पाहिलं होतं, ते चौथीला दिलं. बहुतेकांनी चौकटीत १२ लिहिलं. दोघांनी १७. एकीने ७.

तिला विचारलं कसं केलंस? आधी घाबरली, मग म्हणाली, "चाराचे पाच झाले, मग आठाचे सात करावे लागतील ना." बेरीज केलीच नव्हती तिने! मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. एरवी ही मुलगी वर्गात बोलत नाही.

१२ समजलं. १७ कुठून आले?

अपूर्णांक | शुक्रवार, रात्री ८.५०

सर!! त्या मुलीचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवा, तारखेसकट.

१७ म्हणजे दिसतील ते सगळे आकडे मिळवले, ८, ४ आणि ५. आणि १२ म्हणजे "बरोबरच्या चिन्हानंतर उत्तर लिहायचं". हे उदाहरण अमेरिकेतल्या एका अभ्यासामुळे गाजलं, १९९९ मध्ये छापून आलेल्या. तिथे पहिली ते सहावीच्या कुठल्याही इयत्तेत दहा टक्क्यांहून जास्त मुलांना ७ आलं नव्हतं. सहावीतसुद्धा! मुलं मंद म्हणून नाही. पुस्तकांत, फळ्यावर, स्वाध्यायात चिन्हाच्या डावीकडे गणित आणि उजवीकडे रिकामी जागा, हेच वर्षानुवर्षं दिसतं. त्यामुळे "=" म्हणजे "आता उत्तर सांग" असा हुकूम वाटतो. दोन्ही बाजू सारख्या असं ते म्हणतंय, हे कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे सातवीत समीकरणं आली की याच जागी गाडी रुतते.

पुढच्या तासाला "चूक की बरोबर" खेळून बघा. फळ्यावर फक्त विधानं लिहायची: ७ = ३ + ४. मग ७ = ७. मग ३ + ४ = ४ + ३. मग ३ + ४ = ५ + २. "७ = ७" ला अर्धा वर्ग चूक म्हणेल, कारण "यात गणितच नाही". तिथे वाद होऊ द्या. तुम्ही निकाल देऊ नका.

हातचा_एक | शुक्रवार, रात्री ९.३०

सात बरोबर सात ला कोण चूक म्हणेल? नातवाला विचारतो.

हातचा_एक | शुक्रवार, रात्री ९.४१

चूक म्हणाला. कारण विचारलं तर म्हणे "प्लस कुठंय?"

शेवंता | शुक्रवार, रात्री ९.४३

😂😂

केंद्रशाळा | रविवार, सकाळी ११.१५

शनिवारी खेळलो. मधली सुट्टी संपली तरी वाद चालू. सविस्तर वेगळा धागा काढतो.

आता माझा प्रश्न. नोकरी न सोडता मला पीएचडी करता येईल का? वय ४१. एमएड झालंय. आणि मराठीत लिहिता येईल का? इंग्रजी वाचतो, पण लिहिताना मनातलं उतरत नाही.

चंद्रकोर | रविवार, दुपारी १२.०५

येईल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीची सोय आहे. विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यात तुम्हाला अभ्यासाला वेळ मिळेल असं लिहिलेलं असावं लागतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा. स्त्रियांना आणि दिव्यांगांना वर दोन वर्षं मिळू शकतात. खरी अडचण ते प्रमाणपत्र मिळवण्यात येईल, त्याचा अर्ज आजच टाका. मराठीचं म्हणाल तर शिक्षणशास्त्रात मराठी प्रबंध आहेत, शोधगंगेवर (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) सापडतील. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे, तेवढं विचारून घ्या. आणि मार्गदर्शक असा बघा जो तुमच्या शाळेपर्यंत यायला तयार असेल.

अपूर्णांक | रविवार, दुपारी १२.४०

विषय शोधत बसू नका सर. स्वतःच्याच वर्गावर करा. मी दोन वर्षं मागच्या बाकावर बसून जे ऐकायला बघतेय ते तुम्हाला रोज समोरून ऐकू येतं. तोटाही तोच आहे. स्वतःला बघणं अवघड आणि परीक्षक हेच विचारतील. त्यासाठी जे उतरवाल ते दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, मला पाठवलं तरी चालेल. बदल्यात माझे तास तुम्ही वाचा.

केंद्रशाळा | रविवार, दुपारी १.१०

ठरलं. पहिला उतारा दिवाळीच्या सुट्टीत.

हातचा_एक | रविवार, दुपारी १.३०

मराठीतच लिहा गुरुजी. म्हणजे आम्हालाही चुका काढता येतील. आणि औटकीवर एक प्रकरण असू द्या.